इंजिन निवेपर्यंत

त्या वर्षी चैत्रापासून मी देवापुढे दिवा लावणं सोडलं होतं. कुणाला सांगून सोडलं नव्हतं. सकाळी देव्हाऱ्यातली धूळ पुसायची, देवीच्या टाकाकडे न बघता मागे फिरायचं, एवढंच. घरात बघणारं तरी कोण होतं! ज्यांनी विचारलं असतं, त्यांची वाचा गेलेली होती.

आमचे हे मोटार चालवत. मोटार स्वतःची होती, जुनी घेतलेली, पण त्यांनी ती लेकरासारखी ठेवली होती. पंचवटीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढे पत्र्याची पडवी होती आणि तीत ती उभी असे. एरवी त्र्यंबकची गिऱ्हाइकं असत आणि चैत्रात वणीच्या देवीची यात्रा भरली की नांदुरीपर्यंतच्या फेऱ्या. "गड ज्याचा त्यानं चढायचा, पायथ्यापर्यंत मात्र मी पोचवीन," असं ते हसून म्हणत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून गाडीत बसवत. माझ्या माहेरचीही कुलस्वामिनी तीच. घरात पाळणा हलला आणि रिकामा झाला, तेव्हासुद्धा मी देवीला बोल लावला नव्हता. आम्ही दोघं आहोत, मोटार आहे, तिच्या दारी माणसं पोचवायचं काम आहे, एवढं पुष्कळ आहे असं मानून होते.

आणि तिच्याच पायथ्याशी, भरल्या यात्रेत, यात्रेकरू उतरवून झाल्यावर हे स्टिअरिंगवर कोसळले. दुसऱ्या एका ड्रायव्हरनं त्याच मोटारीतून घरी आणून घातलं. उजवं अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं, जीभ लाकडासारखी. "आं, आं" एवढाच आवाज निघे. पुढे तोही बंद झाला. वैद्यांनी लेप दिले, काढे दिले. पावसाळा सरल्यावर ते म्हणाले, "आता आहे हे असंच धरून चाला." मी खिडकीशी त्यांची खाट लावली होती, पडवीतली मोटार दिसावी म्हणून. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, ते फिरवलंच. मी भरवायची, ते गिळायचे. डोळ्यांत ओळख होती की नव्हती, मला कळत नसे. माणूस समोर असून नसणं काय असतं ते मी तेव्हा शिकले. देवीला एकच विचारत होते, तुझ्या दारी माणसं पोचवणाऱ्याला तू हे दिलंस? उत्तर आलं नाही. मग विचारणंही सोडलं.

त्यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं, देवळ्याहून कांद्याची लावणी टाकून आल्या. त्या विधवा होत्या, शेतात राबून कणखर झालेल्या. त्यांनीच सगळं मार्गी लावलं. मोटार येवल्याच्या एका पैठणीच्या व्यापाऱ्याला द्यायची आणि भावाला देवळ्याला न्यायचं. मला म्हणाल्या, "तूबी चल पोरी. हितं कोण हाय तुझं?" मी मान हलवली. पण मनात मी वेगळंच ठरवलं होतं. मोटार गेली, हे बहिणीच्या हाती पडले, की माझ्यावाचून कुणाचं अडणार नव्हतं. एकदा घागर घेऊन गंगेवर, आमच्या गोदावरीवर, जायचं आणि परत यायचं नाही. हे ठरवताना मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही, आणि तेच भयंकर होतं हे आता समजतं. तेव्हा वाटलं होतं, चला, एक काम उरकेल.

मोटार न्यायचा दिवस ठरला. मार्गशीर्षातली सकाळ होती. नाशकातली ती थंडी, पाण्यात बोट बुडवलं तरी हाड दुखावं अशी. व्यापाऱ्याचा ड्रायव्हर दुपारी येणार होता. तो आधी एकदा येऊन मोटार चालू करून, पाहून गेला होता. झाडलोट करता करता माझी नजर मोटारीच्या पुढच्या जाळीकडे गेली आणि आठवलं, चैत्रापासून तिचं पाणी बदललेलं नाही. हे ते काम फार मनापासून करत. गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी रेडिएटरमधलं जुनं पाणी सोडायचं, धुण्याचा सोडा विरघळवून भरायचा, इंजिन चालू ठेवून ते पाणी आत फिरवायचं, मग तेही सोडून द्यायचं आणि साध्या पाण्यानं खळबळून शेवटी गंगेचं गाळलेलं पाणी भरायचं. आडाचं पाणी ते चालू देत नसत, त्यानं आत क्षारांचा थर धरतो म्हणत. वरून पाणी ओतायचं काम माझं असे. मी झाकणावर फडकं धरून हंडा कलता करायची आणि ते खाली वाकून पाणी स्वच्छ आलं का बघायचे. मनात आलं, लेकीला सासरी धाडताना न्हाऊमाखू घालतात, हिला असंच गंजल्या पाण्यानं कशी पाठवायची? जाण्याआधी माझ्या हातून तेवढं तरी व्हावं.

गंगेवरून हंडे भरून आणले. पाण्याकडे जरा जास्तच वेळ बघत उभी राहिले. अजून नाही, आधी मोटार, असं स्वतःशी म्हणून परतले.

तोटी सोडली तर काव कालवल्यासारखं तांबडं पाणी आलं. सोडा घातला, भरलं. इंजिन चालू करायचं कसं हा प्रश्न होता. हे पुढून लोखंडी हँडल फिरवून गाडी चालू करताना मला पुष्कळदा आत बसवत, त्यामुळे आतल्या कळा मला ठाऊक होत्या. पण हँडलला जोर लागतो. वन्सं बाहेर आल्या.

"ह्ये काय खूळ काढलंस गं सकाळच्या पारी?"

"पाणी बदलते आहे, वन्सं. हे नेहमी बदलायचे."

मग पदर खोचून म्हणाल्या, "सरक. कसं फिरवायचं ते सांग." अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलट झटका बसला तर मनगट मोडतं, एवढं मी सांगितलं. हे येणाऱ्याजाणाऱ्याला तेच बजावत. वन्संनी मोट ओढावी तसं हँडल फिरवलं. खूप वेळा फुसकं गेलं आणि मग एकदम इंजिन धडधडलं. पत्र्याची पडवी थरथरली. वन्सं "अगं आई!" म्हणून मागे झाल्या आणि चुलीवरची भाकरी करपेल म्हणून आत गेल्या.

मी इंजिन तसंच चालू ठेवलं. आवाज ऐकता ऐकता मला वाटलं, हे आता उठून येतील, बॉनेटवर हात ठेवतील. ते येणार नव्हते. झाकणातून वाफ यायला लागली तशी मी इंजिन बंद केलं आणि लाकडानं तोटी उघडली. कढत पाणी भसाभसा वाहून गेलं. माझ्या पायाला चटका बसला तोही नीट कळला नाही. आता शेवटचं भरायचं, हात धुवायचे, घागर घ्यायची. मला घाई झाली होती. हे अशा वेळी कट्ट्यावर बसून बिडी ओढत, वन्संच्या गावाकडच्या गोष्टी सांगत, ते मी हजारदा पाहिलं होतं. पण ते का थांबतात हे कधी विचारलं नव्हतं. मला तो त्यांचा विसावा वाटे. मी फडक्यानं झाकण काढलं, बर्फासारख्या पाण्याचा हंडा उचलला आणि रेडिएटरच्या तोंडाशी नेला.

"थांब!"

आवाज खिडकीतून आला. घोगरा, फाटका, पण शब्द पुरा होता. हंडा माझ्या हातातून निसटला आणि फरशीवर आपटून गडगडत गेला. मी मागे वळले. हे खाटेवर अर्धे उठले होते. डाव्या हातानं खिडकीचा गज धरून सगळं शरीर त्यांनी त्या एका हातावर ओढून घेतलं होतं. मान थरथरत होती. डोळे माझ्यावर होते, आणि त्यांत ओळख होती.

"थांब," ते पुन्हा म्हणाले. मग बराच वेळ ओठांशी झगडून म्हणाले, "फुटंल."

तेवढं बोलून ते गजाशी कपाळ टेकून धापा टाकायला लागले. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की लोखंड तडकतं. इंजिन फुटेल, असं त्यांना म्हणायचं होतं. मला ते कळलं. पण माझ्या आत मात्र तो पहिला शब्द दुसरीकडेच जाऊन लागला. ज्या गोष्टीचा सुगावा मी वाऱ्यालाही लागू दिला नव्हता, तिला कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी आणि म्हणावं, थांब, तसं वाटलं. मी खिडकीखाली भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसले आणि चैत्रापासून न आलेलं रडू मला आलं. तोंडात पदर कोंबला तरी आवाज आवरेना. त्यांचा डावा हात गजांतून खाली आला, चाचपडत माझ्या डोक्यापर्यंत पोचला आणि तिथेच राहिला.

वन्सं पीठभरल्या हातांनी धावत आल्या. "कोण बोललं? भाऊ बोलला? पोरी, भाऊ बोलला का गं?" मी नुसती मान हलवली. त्यांनी तिथूनच उत्तरेला, गडाच्या दिशेला हात जोडले. "आई बोलली गं. माझ्या भावाच्या तोंडून आईच बोलली."

आम्ही तिघं तशीच बसून राहिलो, इंजिन निवेपर्यंत. त्या वेळात मी काही मागितलं नाही, काही ठरवलंही नाही. ऊन पडवीत आलं. मधूनच लोखंड टिक टिक वाजे, मग तेही थांबलं. वन्संनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "आता वत." साध्या पाण्यानं आतून खळबळून घेतलं, मग मी फडकं धरून गंगेचं पाणी हळूहळू भरलं. हे खिडकीतून बघत होते.

दुपारी येवल्याचा ड्रायव्हर आला. पांढऱ्या दाढीचा, शांत मुसलमान माणूस. आम्ही त्यांना चाचा म्हणालो. वन्संनी त्यांना सगळं सांगितलं. चाचा आत आले, खाटेशी बसले, ह्यांचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाले, "बाई, गाडी तर मी नेणारच. पन आधी मालकाला एक चक्कर देतो. बसवू या?" आमच्या मनात आलं नसतं ते त्या परक्या माणसानं सुचवलं. त्यांनी आणि वन्संनी ह्यांना उचलून पुढे बसवलं. मी मागून त्यांचे खांदे धरून बसले. हे कितीतरी यात्रेकरूंना असे उचलून बसवत, आणि आता ते स्वतः तसेच बसले होते.

मोटार गंगेच्या कडेनं निघाली. जिथे मी घागर घेऊन जाणार होते, तो घाटही लागला. बायका धुणी धूत होत्या. कुणीतरी लुगडं पिळत होतं. मी पाण्याकडे पाहिलं. ते नुसतं पाणी होतं. ह्यांच्या गालावरून ओघळ येत होता तो मी पुसला, आणि मोटार वळून घराकडे आली.

वैद्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असं होतं कधी कधी. मोठा धक्का बसला की अडकलेलं सुटतं." वन्सं अजूनही म्हणतात की आई बोलली. मी दोघांशीही वाद घातला नाही. चमत्कार म्हणावा तर हे बरे झाले नाहीत. मोटार गेली ती गेली. आम्ही देवळ्याला गेलो, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर हेही गेले. त्या मधल्या काळात ते थोडं थोडं बोलत. पाणी, ऊन, वन्संचं नाव, क्वचित माझं. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी माझ्या मनात काय होतं, मी कुठे निघाले होते, सगळं. मग मी विचारलं, "अहो, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही कुणाला वाचवायला ओरडलात? मला की इंजिनाला?"

त्यांचं अर्धं तोंड हसलं. डोळे भरून आले होते तरी हसलं.

"इंजिनाला," ते म्हणाले.

ते कधी खोटं बोलत नसत. मला तेव्हाही हसू आलं आणि आज हे लिहिताना पुन्हा आलं. त्यांनी इंजिनाला वाचवलं, हे खरंच. पण तो शब्द ज्यानं त्यांच्या मेलेल्या जिभेवर ठेवला, त्याला कुणाला वाचवायचं होतं, ते मी कुणालाही विचारलेलं नाही. शरण जाणं म्हणजे मोठं काहीतरी असेल असं मला वाटे. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, की कुणीतरी थांब म्हणालं आणि मी थांबले. दुःख कमी झालं नाही. ते गेल्यावर तर घर पार ओकं झालं. तरी सकाळी उठते, वन्संच्या आधी चूल पेटवते, आणि देवीपुढे हात जोडते तेव्हा मागणं काही सुचत नाही. आज थांबले आहे, एवढं तिला सांगते.