चूल न पेटण्याचा दिवस

"आग! मेरे घर में आग किसने जलाई?"

घरमालकीणबाई फाटकातूनच ओरडत आल्या. आवाज असा, की जयपूरच्या जवाहर नगरातल्या कडुनिंबांवरचे सगळे मोर एकदम उडाले आणि तिकडे तीस किलोमीटरवर चौमूंच्या बाजारात बसलेला एक उंट दचकून उभा राहिला. उंट मी पाहिला नाही. पण उभा राहिलाच असणार.

आग कुठेच लागली नव्हती. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी मलावीची विद्यार्थिनी गच्चीलगतच्या सामाईक स्वयंपाकघरात कांदा-टोमॅटो परतत होती, एवढंच. पण तो दिवस बासोड्याचा होता. होळीनंतरच्या त्या अष्टमीला जयपुरात शीतलामातेसाठी चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी रांधलेलं थंड खातात. तिला हे कोण सांगणार? मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या सांगलीत ही देवी श्रावणात येते.

सकाळपासून मला वाटत होतं, मी अजून झोपेतच आहे. कुठे धूर नाही, कुकरची शिट्टी नाही. ऊन गच्चीवर सायीसारखं धरलेलं. झालानाच्या टेकड्या कुणीतरी पाण्यात भिजत घातल्यासारख्या मऊ दिसत होत्या. त्या शांततेत तिच्या कांद्याचा वास एकटाच गल्लीभर हिंडत होता, आणि थेट देवळातून परतणाऱ्या बाईंना जाऊन भेटला.

आदल्याच संध्याकाळी कठड्याला टेकून ती मला म्हणाली होती, "भैया, दोन घरांतून मला काढलंय. इथूनही काढलं, तर शिक्षण सोडून घरी जाणार."

आणि आता बाई जिना चढून दारात उभ्या. हातात पूजेचं ताट, चेहरा लाल. त्यांची नात नुकती कांजिण्यांतून उठली होती. देवी रागावली तर काय, ही भीती त्या रागाच्या आत होती.

"भैया, कह दो इसको! शाम तक कमरा खाली!"

दुभाष्या मी. माझं हिंदी ऐकून रिक्षावाले भाडं माफ करतात, असं ते. मी जगातल्या सगळ्या वकिलांची अक्कल एकवटून मुलीला इंग्रजीत म्हणालो, "आंटीजी विचारतायत, काय शिजतंय?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. मग हळूच झाकण उचललं आणि सांगू लागली: आई यात शेंगदाण्याचं कूट कसं घालते, पालेभाजी कुठून खुडते, अंगणात बसून सगळे कसे एकाच ताटात जेवतात. वाफेआड तिचा चेहरा दूर गेल्यासारखा दिसत होता. मी बाईंना सांगितलं, "माफी मांगती है. बोलती है, आईची याद आली, रीत मालूम नहीं था."

"माँ की याद आई तो भूखी क्यों बैठी थी? नीचे आ जाती!" बाईंनी पुढे होऊन गॅस बंद केला आणि धाडधाड जिना उतरल्या.

वर आल्या तेव्हा हातात दुसरं ताट होतं. गुळाचे तळलेले पुए, दही आणि वाटीत मक्याची घाट, म्हणजे ताकात शिजवून रात्रभर थंड केलेला मक्याचा भरडा. मुलीने वाटी तोंडाला लावली आणि थांबली. डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता हिला ओकारी येणार आणि आम्ही दोघंही रस्त्यावर.

"आमच्याकडे उन्हाळ्यात असंच पितात," ती म्हणाली. "मक्याचं, आंबट, गार."

मी भाषांतर केलं. आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही न वाढवता. बाईंनी वाटी पुन्हा भरली. ऊन सरकत गेलं. मोर एकेक करून परतले. ती दोन्ही हातांनी वाटी धरून सावकाश पीत राहिली, जणू अंगणात बसली आहे.

वाटी रिकामी झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ बाईंना विचारलं, तेही हिंदीत, "आंटीजी, शाम को कमरा खाली?"

मी भिंतीकडे बघू लागलो. दोन घरांनी तिला हिंदीतले हेच शब्द सगळ्यांत आधी शिकवले होते.

बाईंनी ताट उचललं.

"कॉलेज जाती है तो पंखा बंद करके जाया कर."