बापूंची हद्द

नवं कुत्रं शिकायला आलं की बापू त्याच्याकडे पाठ करून बसायचे, तंबाखू मळत, हमरस्त्यावरच्या गाड्या बघत. कुत्रं भुंकून दमायचं आणि मग आपणहून येऊन त्यांचा हात हुंगायचं. "आता ह्येची शाळा सुरू," बापू म्हणायचे. चीनच्या लढाईनंतर पलटण सोडून आलेले बापू उंब्रजला माझ्या शेजारी राहत. मी शाळामास्तर, पण त्यांच्या शाळेचं मला फार कुतूहल.

आष्ट्याची हौसाबाई नावाची विधवा उंब्रजला बहिणीकडे राहून त्यांच्याकडून हे काम शिकली. ती निघाली तेव्हा बापू म्हणाले, "आजपासनं आष्टा तुझं. माझं नाव सांगून धंदा कर. तितलं एकबी कुत्रं मी घ्यायचो न्हाई. पर काठी उगारलीस, तर परवाना गेला!" परवाना म्हणजे नुसता बापूंचा तोंडी शब्द. कुत्र्यांच्या शिकवणीला कसली आलीय हद्द, असं मला वाटलं.

थोड्याच दिवसांत आष्ट्याचा एक गूळव्यापारी आपलं दांडगं कुत्रं घेऊन आला. ते त्याच्या सुनेलाच चावलं होतं.

"हौसाकडं न्या," बापू म्हणाले.

"बाईमाणसाकडं? आवं, लोक हसत्याल. तुमी घ्या, न्हाईतर गोळी घालतो ह्येला."

तेव्हा बापूंकडे शिकायला एकही कुत्रं नव्हतं. आता घेणार, असं मला वाटलं. ते उठले, टोपी घातली, साखळी धरली आणि व्यापाऱ्याच्याच गाडीत बसून आष्ट्याला निघाले. रविवार होता, राहवेना म्हणून मीही गेलो.

हौसाबाईच्या दारात माणसं जमली. बापूंनी सगळ्यांदेखत साखळी तिच्या हाती दिली आणि ते बाजूला झाले. कुत्रं गुरगुरत तिच्यावर झेपावलं. बापूंचा हात पुढे झाला, पण पाऊल हललं नाही. हौसाबाई साखळी आखडून तशीच उभी राहिली. ओरडली नाही, मागे सरली नाही. बऱ्याच वेळाने कुत्रं खाली बसलं.

"शाणा हायस," ती हळूच म्हणाली.

व्यापारी कुत्रं ठेवून गेला. पुढे तीच सून त्या कुत्र्याला भाकरी घालू लागली.

मिरजेच्या दवाखान्यात बापू वारले. त्याआधी मी भेटायला गेलो, तेव्हा हौसाबाई उशाशी होती. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी विचारलं, "बापू, तुम्हाला अडवायला ना कायदा होता, ना कोर्ट. ते कुत्रं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ते हसले. "गुरुजी, जलमभर कुत्र्यास्नी 'थांब' म्हणत आलो. मलाच थांबाय आलं न्हाई, तर ती माझं कशापायी ऐकत्याल?"