गोपीनाथांची डिझेलची खोड

गोपीनाथ मूळचे सांगलीकडचे. लहान ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका कंपनीच्या जयपूर शाखेत, शेताशेतांवर ट्रॅक्टर चालवून दाखवण्यात त्यांचे केस पांढरे झाले. डिझेल सोडून बाकी सगळी इंजिनं त्यांच्या लेखी खेळणी. कुणा नवशिक्याने चालता ट्रॅक्टर बंद पाडला, की दिवसभर त्याची सालटी काढायची, हा त्यांचा आवडता उद्योग. स्वतः मात्र बनी पार्कातल्या घरून सोडाल्याच्या ऑफिसात रोज पेट्रोलच्या स्कूटरवर येत. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे.

लहान ट्रॅक्टरांच्या धुराचे नियम कडक होणार, अशी कुणकुण होती. डिझेलचा धूर स्वच्छ करणारं सामान बसवायचं, तर किंमत गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर जाणार. म्हणून कंपनीने पेट्रोलचा ट्रॅक्टर काढला. तो घेऊन पुण्याहून कस्तुरी नावाची इंजिनियर आली. सांगानेरच्या पुढे मीराबाईंच्या पेरूच्या बागेत तो चालवून दाखवायचा होता. बाईंनी नाकारला तर गुंडाळायचा, असं शाखेच्या साहेबांनी बजावलं होतं. गोपीनाथांना मनातून तेच हवं होतं.

"सर, याला रेस जास्त द्यावी लागते," कस्तुरी म्हणाली.

"मला शिकवतीस व्हय? ट्रॅक्टर हाय ह्यो, तुझी स्कूटी न्हवं."

त्यांनी कल्टिव्हेटर मातीत सोडला आणि जन्मभराच्या सवयीने रेस कमीच ठेवली. डिझेल इंजिन तेवढ्यावर गुरगुरत ओढून नेतं. पेट्रोलला तेवढ्यात जोर येत नाही. चार हातांवर इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. दर वेळी हे विजयी चेहऱ्याने मागे बघत. हट्टाला अनुभव म्हणण्याची सोय असली, की माणूस असाच मोकाट सुटतो.

शेवटी मीराबाईंनीच त्यांना खाली उतरायला सांगितलं. कस्तुरी बसली, तिने रेस वाढवली आणि ट्रॅक्टर झाडांच्या दोन रांगांमधून थेट बांधापर्यंत गेला.

"आवाज लई करतंय," गोपीनाथ पुटपुटले. कुणी लक्ष दिलं नाही.

मीराबाईंनी मोकळी झालेली माती पायाने उकरून पाहिली आणि कस्तुरीला म्हणाल्या, "ट्रॅक्टर रख जाओ, मॅडमजी. सिखाने तुम आना. इनको मत भेजना, ये तो चलती गाडी बंद कर देते हैं."