निळ्याखालचा उतार

जेवणानंतर शर्वाणीची मान टेबलावर कलते. संगणकाचा पंखा कानाशी घुरघुरत राहतो, पापण्या जड होतात, आणि समोरच्या खुर्चीत हणमंतकाका बसलेले दिसतात. डोंगरावरची पर्जन्यमापकं तपासायचे ते. दरडीखाली गेले त्याला दीड महिना होऊन गेला.

"ताई, वर जाऊ का म्हून इचारलं व्हतं मी," काका म्हणतात. "न इचारता कवा गेलोय?"

"विचारलं होतं, काका."

चौकशीत मात्र तिनं तोंडातून ब्र काढला नाही. 'परवानगी न घेता गेले' असं अहवालात छापून आलं आणि त्याखाली तिनंच मुकाट सही केली. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काय!

खोलीची भिंत संपते तिथून डोंगर सुरू होतो. टेबल आता गवतात आहे. पडद्यावर तिनं त्या दिवशी बनवलेला नकाशा: खाली धोक्याच्या उतारांचं चित्र, त्यावर पावसाचं. जिथून पावसाची नोंदच आली नसेल, तेवढी जागा पारदर्शक ठेवायची असते. तिनं तिथं शून्य पाऊस धरला. शून्याला फिकट निळा रंग मिळाला आणि त्याखाली लाल उतार झाकला गेला. निळं बघून तिनं फोनवर सांगितलं होतं, "जा काका, तिथं काही नाही."

ती वरचा थर पातळ करत नेते. निळा विरतो, लाल दिसू लागतं. पण काकांचे हातही विरू लागतात, त्यांच्यातून गवत दिसतं. तिचा हात थांबतो.

"समदा थर कशापायी पातळ करताय? पाऊस बी जाईल त्यानं. नोंद न्हाई तेवढंच काढा की."

ती तेवढंच काढते. दोन मिनिटांचं काम. उतार लालभडक उघडा पडतो.

"काका, बघा!"

खुर्ची रिकामी आहे. काका पायवाटेनं वर निघालेत.

"काका, जाऊ नका!" ती जिवाच्या आकांतानं ओरडते.

"तुमीच म्हनलात न्हवं, जा म्हून," ते मागं न बघता म्हणतात.

ती दचकून उठते. दुपारचे तीन. कोपऱ्यातल्या प्रिंटरमध्ये एक कागद पडलाय, अजून कोमट. त्यावर तोच नकाशा: पाऊस जिथल्या तिथं, आणि मधोमध तो लाल उतार. खाली यंत्रानं नेहमीसारखी नोंदींची वेळ छापलीये: एकोणीस जुलै, सकाळी आठ.

त्या दिवशी काकांचा फोन साडेआठला आला होता.