पंजाच्या पाव इंचावरून भांडण

मंडळी, आत्ताच इथे मिशिगनमध्ये, नोव्हायमधल्या एका पॉटलकहून (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायची पार्टी) परत आले आणि डोकं फिरलंय.

गुरुवारी अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट आहे, म्हणजे व्यावसायिक टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात तो दिवस. आपल्या इथल्या टीमने कॉलेजच्या दोन क्वार्टरबॅकपैकी (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) कोणाला घ्यावं, हे ठरवायला यजमान काकांनी टीव्हीवर एक्सेल शीट लावली होती. ऑफिसात सप्लायर निवडायला वापरतात, तीच! उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी, सगळ्याला मार्क. चार सीनियर इंजिनियर हातात मिसळ घेऊन पंजाच्या पाव इंचावरून तावातावाने भांडत होते. त्या पोरांची एकही अख्खी मॅच कोणी पाहिलेली नव्हती. लाज कशी वाटत नाही यार?

काकांची मुलगी रिया कॉलेजच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. शीटवर पहिला आलेला मुलगा तिच्याच कॉलेजचा; त्याच्या सगळ्या होम मॅचेस तिने बँडसोबत मैदानाच्या कडेला बसून पाहिल्यात. ती म्हणाली, "बाबा, तो पॅनिक होतो. एकदा कोणी जोरात आपटलं ना, की मग बॉल कुठेही फेकतो."

काकांनी स्क्रीनवरून नजरसुद्धा हलवली नाही. "बेटा, त्याला कॉलम नाहीये. जरा पाव आण बरं."

सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि त्याचीच जास्त चीड येतेय.

कारण ऑफिसात हेच काका माझे मॅनेजर आहेत आणि मंगळवारी माझा रिव्ह्यू आहे.

खरं सांगा, तुम्हाला जे उत्तम जमतं, त्याचा कॉलम तुमच्या साहेबांच्या शीटवर आहे का?