उपस्थितांची यादी

पत्रकारितेच्या पदविकेला शिकवायला लागून मला आता सहा वर्षं झाली. त्याआधीची पंचवीस वर्षं रत्नागिरीतल्याच एका दैनिकात बातम्या लिहिण्यात आणि दुसऱ्यांच्या नीट करण्यात गेली. त्यामुळे यंदापासून प्रत्येक विद्यार्थ्याचा ऑनलाइन पोर्टफोलिओ झाला पाहिजे आणि तो तुम्हीच करून घ्यायचा, असं कॉलेजने सांगितलं तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. आपलं लेखन एका वेबसाइटवर मांडून ठेवायचं आणि नोकरी मागताना तिची लिंक पाठवायची, एवढीच ती भानगड. पण जिने जन्मभर ‘वार्ताहर’ या एका शब्दाखाली लिहिलं, तिने मुलांना स्वतःचं नाव ठळक अक्षरात लावायला शिकवायचं, हे जरा अवघडच होतं.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी माझी करमणूक केली. ‘माझ्याविषयी’ हे पान तयार करा म्हटल्यावर निम्म्या वर्गाने लग्नाचा बायोडेटा चढवला. वर गणपती, खाली उंची, रास, रक्तगट, मामांचं गाव. एकाने तर ‘अपेक्षा : अनुरूप’ असंही लिहून ठेवलं होतं. आधी मी पोट धरून हसले, मग रागावले. मग वाटलं, स्वतःविषयी लिहिण्याचा दुसरा नमुना यांनी घरात पाहिलाय कुठे?

खरी काळजी होती ती किनाऱ्यावरच्या बुरोंडी गावच्या मुलीची. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात चांगलं लिहिणारी. वडील होडीवर जातात, थोरला भाऊ लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर. तिच्या हॉस्टेलचा खर्च तोच बघायचा. त्याने तिच्या नोकरीसाठी कंपनीच्या ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता आणि एक तारखेला हजर व्हायचं होतं. इकडे मुंबईच्या एका बातम्यांच्या वेबसाइटला कोकणातून लिहिणारं माणूस हवं होतं. शुक्रवारपर्यंत लिंक पाठवा, म्हणाले. निवड झाली तर पत्रकार, नाही तर लोट्याची कंपनी बस. तिला काय हवं होतं ते तिने मला सांगितलं नव्हतं, पण लिंकचा विषय निघाला की ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायची.

तिचा पोर्टफोलिओ उघडला आणि मी डोक्याला हात लावला. एका साप्ताहिकात आलेल्या तिच्या पंधरा बातम्या. उद्घाटन, सत्कार, वह्यावाटप, पुन्हा सत्कार. आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी ‘यावेळी अमुक, तमुक आदी मान्यवर उपस्थित होते.’ आमच्याकडे त्या यादीशिवाय बातमी पुरी होत नाही. एक नाव राहिलं तर माणूस दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन बसतो. एका राहिलेल्या नावापायी दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

“हे मुंबईत कोणी अर्धं मिनिटसुद्धा वाचणार नाही,” मी म्हटलं. “जिथलं आमंत्रण आलेलं नाही, तिथलं काहीतरी लिही.”

ती रविवारी गावी गेली आणि सोमवारी लेख घेऊन आली. होड्या किनाऱ्याला लागल्यावर मासळी निवडायला बसणाऱ्या बायकांवर होता. वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसले. बोटांना पडणाऱ्या चिरा, त्यांना लावलेलं खोबरेल, निवडता निवडता चाललेली एकमेकींची टिंगल. आणि मधूनमधून येणारी, बर्फ फोडणारी एक बाई. ती एक शब्द बोलत नाही, सगळ्यांची कामं मात्र तिच्या बर्फावर अडलेली. असं लिहिणारी मुलगी माझ्या वर्गात आहे, याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

आणि लेखाच्या शेवटी काय? ‘यावेळी पुढील महिला उपस्थित होत्या.’ खाली चौदा बायकांची नावं, आडनावांसकट.

माझा पारा चढला. “अगं, एवढं चांगलं लिहिलंस आणि शेवटी पुन्हा तीच यादी? काढ ती.”

“नाय काढणार, मॅडम.”

वर्षभरात तिने मला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

“ह्या बायकांचं नाव आजपर्यंत एका बातमीत आलेलं नाय,” ती म्हणाली. “सत्काराला त्या खुर्च्या मांडतात, चहा करतात. उपस्थित असतात की त्या पण.”

वार्ताहर म्हणून जगलेल्या बाईला हे एका विद्यार्थिनीने सांगावं, याची मला लाज वाटली. तरी मी ताठ्यातच म्हटलं, “ठेव. पण निवड झाली नाही तर मला बोलायचं नाही.”

बुधवारी लेख तिच्या पोर्टफोलिओच्या वेबसाइटवर चढला आणि लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. गुरुवारी दुपारी ती रडवेली होऊन आली. शेजारच्या काकूंचा फोन आला होता. त्यांचं स्वतःचं नाव यादीत होतं, पण त्यांनी विचारलं होतं, “तुझ्या आयशीचं नाव कुठं हाय गो?”

“म्हणजे तुझी आईही तिथे होती?”

“बर्फ फोडत होती.”

“मग घातलं का नाहीस?”

“तुम्हीच सांगितलंत ना मॅडम. बातमीत ‘मी’ नको आणि आपलं माणूस नको.”

सांगितलं होतं खरं. पहिल्या सत्रात, टेबलावर डस्टर आपटून. शेजारणीपाजारणींची नावं आली आणि जिने सगळ्यांच्या मासळीला बर्फ पुरवला तिचंच राहिलं, ते माझ्यामुळे. मला फार वाईट वाटलं आणि तसं मी तिला सांगितलंही. मग म्हटलं, “आपलं माणूस लपवून लिहिणं चूक. माझी आई आहे असं उघड लिहिलंस की वाचणाऱ्याला कळतं, तू कुठे उभी आहेस. छापलेल्या पेपरात हे दुरुस्त करता आलं नसतं. इथे येतं. बस आणि घाल.”

तिने लॅपटॉप उघडला. पंधरावं नाव लिहिलं आणि त्यापुढे ‘बर्फ फोडणारी ही माझी आई.’ खाली लेख केव्हा आणि का बदलला त्याची ओळ घातली. शुक्रवारी लिंक पाठवली.

दहा दिवसांनी मुंबईहून उत्तर आलं. तीन महिने काम बघू, गावातूनच लिही, म्हणाले. मी वर्गात पेढे वाटले आणि मुलांसमोर डोळे पुसले, त्याचं मला काही वाटलं नाही.

पेढा हातात धरून ती म्हणाली, “मॅडम, एक सांगायचं राहिलं.” आणि तिने भावाचा मेसेज दाखवला. लिंक पाठवली त्याच शुक्रवारचा, म्हणजे मुंबईचं उत्तर यायच्या कितीतरी आधीचा. त्याने आदल्या रात्री पाळी संपवून घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये तो लेख वाचला होता.

‘आयेचं नाव वाचलं. ऑफिसात जाऊन तुझी जागा नको म्हणून सांगून आलो. मुंबईवाले घेवोत न घेवोत, तू लिहीत रहा.’