राळेची फुलं शिकायला आर्वीला

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कागदावरची रिकामी जागा बघवत नसे. वर्ध्याच्या कचेरीत कारकुनी करून करून त्यांचा पक्का समज झाला होता, की रकाना कोरा राहिला की अर्ज परत येतो आणि अर्ज परत आला की माणूस आयुष्यातून उठतो. आर्वीच्या मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा निघाली तेव्हा मी अर्ज भरला. नाव, वय, शिक्षण, शिवणाची परीक्षा, सगळं लिहिलं. ‘इतर हस्तकला’ हा रकाना मात्र सोडला, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं. नानांनी टाक बुडवला आणि तिथे आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘राळ साच्यात ओतून फुले करणे व ती कापडावर बसवणे.’ मला न विचारता अर्ज टपालात टाकलासुद्धा.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. सोमवारी मुलाखत, सोबत हस्तकलेचा नमुना आणावा.

“नाना, राळेची फुलं म्हणजे काय?”

“फार सुंदर असतात. मी पाहिली आहेत.”

“कुठे?”

“आर्वीकडेच. एका कापडावर,” एवढं बोलून नाना घाईघाईनं अंघोळीला गेले. तेव्हा सकाळची एक अंघोळ झालेली होती.

मला हसू येत नव्हतं. आईशी माझा करार झाला होता. ही नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर अक्षय तृतीयेनंतर हिंगणघाटच्या स्थळाला होकार द्यायचा. मुलगा वाईट नव्हता, फक्त प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचा. बघायला आला तेव्हा “चहा छान झालाय, चहा छान झालाय” म्हणाला, आणि त्याच्याबरोबरचं सगळं आयुष्य मला दुप्पट लांबीचं दिसायला लागलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला स्वतःच्या पगारावर जगून बघायचं होतं. इतकं मनापासून मला दुसरं काहीच हवं झालं नव्हतं.

हे सगळं सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराचं. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, आताचं वय ज्याचं त्यानं काढावं. हे वाचून कुणी निघणार असेल तर आधीच सांगते, यातली छोटी गाडी आता नाही, शाळेची ती इमारत नाही, आणि ज्या फुलांसाठी आम्ही गेलो ती करणारंही कुणी राहिलेलं नाही. बाकी प्रवास सोपा आहे.

शनिवार

वर्ध्याहून पॅसेंजरनं पुलगाव आणि तिथून छोट्या लाईनीनं आर्वी, असा रस्ता. तिकिटं किती पडली ते आठवत नाही. नाना “महाग” म्हणाले एवढं आठवतं, पण ते पोस्टकार्डालाही महागच म्हणत. पुलगावला गाडी बदलायला भरपूर वेळ मिळतो, तेव्हा स्टेशनाबाहेरची कांदाभजी खाऊन घ्यावी. आम्ही घरच्या दशम्या नेल्या होत्या, त्या तशाच आर्वीला पोचल्या.

छोटी गाडी म्हणजे डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. चैत्रातलं ऊन पत्र्यावर पडलेलं, दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली काळी रानं. रोहण्याला गाडी थांबली आणि हलेचना. मी बाहेर डोकावले. एक बाई गार्डाला विनवत होती.

“थांबा ना जी जरासं, बुढा जेवून राह्यला.”

“काय खाऊन राह्यला?” गार्डानं विचारलं. “भाकर का भात?”

“भात.”

“मंग थांबतो. भाकर असती तं गेलो असतो.”

बुढा मिशीला ताक लागलेल्या अवस्थेत आला, गार्डाला रामराम केला आणि गाडी सुटली. नानांनी घड्याळ काढून पाहिलं आणि परत ठेवलं. अशा कारणासाठी गाडीला उशीर झाला तर त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आर्वीला आम्ही उतरलो ते नानांच्या कचेरीतल्या शिपायाच्या मावशीकडे. मावशीचं नाव कौसाबाई. नवरा सोनार. दागिना ठोकताना हलू नये म्हणून सोनार तो राळेत रुतवून बसवतात, त्यामुळे राळ घरात कायमची. त्याच राळेची फुलं कौसाबाई करत, हे नानांनी शिपायाकडून आधीच काढून ठेवलं होतं. पायावर पाणी घेऊन आम्ही ओसरीत बसलो, आणि मी कशासाठी आले ते सांगितलं.

“करून देतो ना माय,” कौसाबाई म्हणाल्या. “कोन्या बैलासाठी पाह्यजे?”

मी नानांकडे पाहिलं. नाना भिंतीकडे पाहत होते.

“बैलासाठी?” मी विचारलं.

“मंग कोनासाठी? पोयाले झुलीवर लावते ना लोक. आरसे, कवड्या अन् हे रायेचे फुलं. बैल असा दिसते का नवरदेव झक मारते त्याच्यापुढं!”

राळेला त्या ‘राय’ म्हणत आणि पोळ्याला ‘पोया’. एवढं समजायला मला वेळ लागला नाही. नाना काय करून बसलेत हे पचायला मात्र लागला.

“नाना, तुम्ही ती फुलं बैलावर पाहिली होती?”

“झूल फार सुंदर होती,” नाना म्हणाले. “बैलाकडे माझं लक्ष नव्हतं.”

रविवार

आदल्या रात्री बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात जेवलो. (आर्वीकडे कुणी गोळाभात केला तर वरून फोडणीचं तेल घ्यायला लाजू नये.) पहाटे उठून कामाला लागलो.

साचा लाकडी होता, चक्क गाठीवाल्याकडचा. होळी-पाडव्याला आपण साखरेच्या गाठी गळ्यात घालतो ना, त्यांचाच. पाडवा झाला की साचा वर्षभर बसून असतो, म्हणून कौसाबाई तो मागून आणत. साच्यात आधी दोरा ठेवायचा आणि वरून ओतायचं, म्हणजे फुलं दोऱ्यातच ओवलेली निघतात आणि कापडावर टाचायला सोपी जातात. राळेत थोडं मेण, थोडी लाख, आणि पांढरा रंग यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड. लोखंडी पळीत हे सगळं शेगडीवर वितळवायचं. धुरानं डोळ्यांतून पाणी येतं आणि वास देवळातला येतो, त्यामुळे आपण काहीतरी पुण्याचं काम करतोय असं उगीच वाटतं.

माझा पहिला घाणा साच्याला जो चिकटला तो सुटेना.

“काऊन वं, साचा भिजवला नाई का?” कौसाबाई ओरडल्या. “कोरड्या साच्याले राय सोडत नाई. आता माठातल्या गार पान्यात बुडव अन् टिचकी मार. राय थंडीले भेते.”

बुडवला, टिचकी मारली, आणि फुलं टपाटप निघाली. मला इतका आनंद झाला की मी कौसाबाईंना मिठीच मारली.

नाना शेगडीला वारा घालायला बसले होते. मधेच त्यांना पान खायची लहर आली म्हणून ते बाजारात जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, “आर्वीची माणसं फार हसतमुख आहेत. प्रत्येक जण वळून वळून बघत होता.” धोतराच्या मागे सहा फुलांची अख्खी माळ चिकटलेली होती. कौसाबाईंनी गंभीर चेहऱ्यानं ती सोडवली आणि म्हणाल्या, “पोया अजून लांब आहे, भाऊ.”

संध्याकाळपर्यंत घरून आणलेल्या निळ्या टेबलक्लॉथच्या चारी कडांना मी फुलं टाचली. फुलं जरा मोठी होती, बैलाच्या मापाची, पण निळ्यावर पांढरी इतकी खुलली की मी दिवा जवळ नेऊन पुन्हा पुन्हा पाहत होते. झोपण्याआधी कौसाबाईंनी हळूच सांगितलं, की शाळेच्या मंडळावर भाऊसाहेब म्हणून एक बडं प्रस्थ आहे आणि त्यांची भाचीही याच जागेसाठी अर्ज करून बसली आहे. माझी झोप उडाली.

सोमवार

शाळेच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं बसले होते. मुख्याध्यापिका, भाऊसाहेब आणि लिहून घ्यायला शाळेचा कारकून. नाना बाहेर, पण खिडकीशी. बाईंनी टेबलक्लॉथ टेबलावर पसरायला सांगितला. “छान!” त्या म्हणाल्या, आणि नेमका त्याच वेळी चहा आला. चहा त्याच कापडावर मांडला गेला.

मुख्याध्यापिका मला काजे, चुण्या, तिरप्या पट्टीबद्दल विचारत होत्या आणि मी बऱ्यापैकी उत्तरं देत होते. भाऊसाहेबांना त्यात रस नव्हता. बशीत चहा ओतून ते कापडाच्या कडेकडे बघत होते. मग म्हणाले, “वा! पाडव्याच्या गाठी राह्यल्या वाटते अजून.” आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एक फूल तोडलं, गरम चहात चांगलं बुडवलं आणि चावलं.

गरम झालेली राळ कशी असते ते मी आदल्या दिवशी शिकले होते. भाऊसाहेबांच्या दोन्ही कवळ्या एकमेकींना चिकटल्या त्या चिकटल्याच. त्यांनी डोळे मोठे केले. कारकून मान खाली घालून लिहीत होता, बाई माझा अर्ज वाचत होत्या.

“माझं झालं,” बाई म्हणाल्या. “भाऊसाहेब, तुम्हाला काही विचारायचंय?”

“म्म्म.”

“काही हरकत?”

“म्म्म्म!”

“हरकत नाही, असं लिहू?” कारकुनानं विचारलं.

खिडकीतून नाना मान हलवून “लिहा, लिहा” असं खुणावत होते. दोन शब्द लिहिले की नोकरी माझी होती. मी खरंच गप्प बसले. किती वेळ ते सांगत नाही, पण पुरेसा वेळ बसले, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मग भाऊसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि माझ्याच्यानं राहवेना.

“त्यांचे दात चिकटलेत,” मी म्हटलं. “ती गाठी नाही, राळ आहे. मला सोडवता येईल. माठातलं गार पाणी आणा.”

भाऊसाहेबांनी पाठ फिरवली आणि दोन्ही कवळ्या एकजीव अशा माझ्या हातात ठेवल्या. मी त्या पाण्यानं भरलेल्या तांब्यात सोडल्या, मनात शंभर मोजले, बाहेर काढून टिचकी मारली. खट्! कवळ्या सुट्या झाल्या आणि फूल दोन तुकडे होऊन टेबलावर पडलं. मुख्याध्यापिकांनी पदर तोंडाला लावला होता. त्यांचे खांदे हलत होते.

“हे कधी शिकलात?” जरा सावरल्यावर त्यांनी विचारलं.

“काल.”

“आणि राळकाम?”

“तेही कालच. अर्जात ते नानांनी लिहिलं. रकाना कोरा होता म्हणून.”

नोकरी गेली हे मला समजलं होतं, त्यामुळे उरलेलंही सांगून टाकलं. “फुलं बैलाच्या झुलीची आहेत.”

खिडकीतले नाना दिसेनासे झाले. भाऊसाहेबांनी कवळ्या धुतल्या, बसवल्या, दोनदा जबडा हलवून पाहिला.

“बाई, माह्या भाचीनं मले असं पाह्यलं असतं तं आतापर्यंत गावभर सांगून आली असती,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तू कोनाले सांगशीन?”

“नाही.”

“मंग हिलेच ठेवा.”

मी साठ वर्षांवर तो शब्द पाळला. आज इथे लिहितेय, कारण आता भाऊसाहेब नाहीत आणि आता माझ्याही कवळ्या आहेत.

मंगळवार

परतीच्या गाडीत नाना सगळ्या डब्याला सांगत होते की मुलगी जूनपासून मास्तरीण. पुलगावला यावेळी भजी खाल्ली, दोन पुडे, आणि नाना महाग म्हणाले नाहीत. घरी पोचल्यावर त्यांनी आईला सगळी हकीकत साभिनय सांगितली; शब्द मी दिला होता, त्यांनी नव्हे. भाऊसाहेब झाले, कवळ्या झाल्या, मीही झाले. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हिंगणघाटचा विषय तिनं स्वतःच मिटवला, “राहू दे तो, राहू दे तो” म्हणत, आणि आम्ही पुन्हा हसलो.

मग ताटं मांडता मांडता ती सहज म्हणाली, “म्हणजे जूनपासून ही इथे नसणार.”

इतक्या दिवसांत हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अर्ज, राळ, फुलं, मुलाखत, सगळ्याचा विचार झाला, पण शाळा आर्वीला आहे आणि आपलं घर वर्ध्याला, एवढी साधी गोष्ट राहून गेली होती. नाना हातातला तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. “सुट्टीत येईल की,” ते म्हणाले. मला रडू फुटलं. मी जिंकले होते आणि मला घरातून जायचं नव्हतं.

आईनं डोळे पुसले आणि माझ्या पानात वाढायला घेतलं. त्या दिवशी तरी तिनं तीन पानं मांडली होती, नेहमीसारखी; जूनपासून ती दोन होणार होती.